जुना पार्ट

साहेबरावांचा दिवस पहाटे पावणेतीनला सुरू व्हायचा. साखर कारखान्याची पहिली पाळी चारची. जळोचीहून सायकल मारत फाटकावर यायचं, मिल हाउसमध्ये कपडे बदलायचे आणि भोंगा होण्याआधी मागच्या पाळीच्या फिटरकडून मिल ताब्यात घ्यायची. मागचा फिटर सगळं ठीक आहे म्हणाला तरी साहेबराव प्रत्येक बेअरिंगवर तळवा ठेवून एक फेरी मारायचे. हाताला जास्त गरम लागलं तर तिथंच थांबायचे. मग म्हणायचे, "आता जा."

मी त्याच खात्यात खलाशी होतो. साखळी आणि कप्पीने अवजड वजन उचलायचं आणि फिटर सांगेल तिथं उतरवायचं, हे खलाशाचं काम. मिलचा रोलर उतरवताना बोटभर फरक पडला तरी साहेबराव "परत" म्हणायचे. ओरडायचे नाहीत. "परत" एवढंच. त्या एका शब्दापायी मी मनात त्यांना पुष्कळ शिव्या दिल्या आहेत. पण त्यांनी बसवलेला रोलर हंगाम संपेपर्यंत हलायचा नाही आणि आम्हाला तो दुसऱ्यांदा उचलावा लागायचा नाही. काम एकदाच करायचं, हे मी त्यांच्याकडे बघून शिकलो.

कारखान्याच्या दोन रीती इथं सांगाव्या लागतील, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

पहिली अशी. गाळप चालू असताना मिल थांबवायची नाही. कुरकुरली तरी रेटायची. पण थांबली, की तिला हात लावायला कुणाला विचारायचं नाही. बंद हंगामात सगळं उघडायचं, चालणारंसुद्धा. जे पुढच्या हंगामात दगा देईल असं वाटतं ते आत्ताच बदलायचं. चालवणारा माणूस परत येईल तेव्हा त्याला यंत्र तयार मिळालं पाहिजे. त्याला सांगत बसायचं नाही. त्याला चालवताना कळतं.

दुसरी रीत स्टोअरची. जुना पार्ट जमा केल्याशिवाय स्टोअरकीपर नवा देत नाही. तुटलेला असो, झिजलेला असो, आणून दाखवायचा. त्यामुळे आमच्या पिढीच्या फिटरला जुना पार्ट फेकता येत नाही. हातच उचलत नाही.

आणखी एक माणूस सांगतो आणि पुढं जातो. जयवंता मिस्त्री म्हणून आमच्यात एक फिटर होता. त्याचा पाना गिअरबॉक्समध्ये राहिला आणि गिअरचे दात गेले. चौकशी झाली तेव्हा जयवंता गप्प बसला आणि एका हेल्परचं काम गेलं. पाना कुणाचा ते साहेबरावांना माहीत होतं, पण कळलं तोवर हेल्पर गाव सोडून गेला होता. त्या दिवसापासून साहेबराव जयवंताशी बोलले नाहीत. एकाच मिलवर, एकाच पाळीत, निवृत्त होईपर्यंत. काही सांगायचं असलं तर माझ्यामार्फत सांगायचे. मी मध्ये उभा राहून दोघांचे निरोप द्यायचो.

साहेबराव मूळचे पळसदेवचे. जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं तेव्हा ते शाळकरी होते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की अजून एकदा तिकडं जाऊन येतात. लोक पाण्यातनं वर आलेलं देऊळ बघायला जातात. साहेबराव देवळाच्या पलीकडं आपली वस्ती कुठं होती ते बघून येतात. त्या वस्तीतली काही घरं बारामतीच्या बाजूला आली. त्यातल्याच एका घरातला समाधान. त्यानं बारामतीत भिगवण रस्त्याला संगणक आणि लॅपटॉपचं दुकान टाकलं. वस्तीतलं पहिलं दुकान. साहेबराव त्याला मांडीवर खेळवल्याचं सांगायचे, आणि तो "काका, आता गिऱ्हाइकासमोर नको" म्हणायचा.

साहेबरावांची मुलगी प्रियदर्शनी. एकुलती. पुण्याच्या एका कंपनीसाठी दवाखान्यांचे विम्याचे कागद तपासायचं काम ती घरून करते. लॅपटॉप ज्याचा त्याने आणायचा, अशी कंपनीची अट. तिनं मागच्या दसऱ्याला समाधानकडून घेतला, स्वतःच्या पगारातून. एक वर्षाची वॉरंटी. दुकानातून आल्यावर तिनं वडिलांना सांगितलं होतं की वर्षभर काही झालं तर कंपनी बघून घेईल. साहेबरावांनी मान हलवली. त्यांच्या हिशेबी यंत्र दुसऱ्या कुणी बघून घ्यायचं नसतं, ते ज्याच्या घरात आहे त्याने बघायचं असतं.

उन्हाळ्यात लॅपटॉप डुगडुगायला लागला. टेबलावर ठेवून टाइप केलं की एक कोपरा खाली, एक वर. प्रियदर्शनीला वाटलं टेबलाचा पाय झिजला. तिनं पायाखाली लग्नपत्रिका दुमडून घातली. साहेबरावांना टेबल माहीत होतं, ते त्यांनीच बनवलेलं होतं. त्यांनी लॅपटॉप जेवणाच्या फरशीवर ठेवून पाहिला. तिथंही डुगडुगला. पालथा करून तळवा फिरवला तर मधोमध फुगवटा लागला. मोबाइलची बॅटरी अशीच फुगलेली त्यांनी पाहिली होती. यंत्र आपल्या बैठकीवर सपाट बसत नाही, ही गोष्ट त्यांच्याच्याने बघवत नाही.

मे महिन्यात ती मैत्रिणीच्या लग्नाला सांगलीला गेली आणि लॅपटॉप घरी ठेवून गेली. यंत्र थांबलं होतं. साहेबरावांना बंद हंगाम मिळाला.

ते एसटीने इंदापूरला गेले. तिकडं त्यांची थोरली बहीण असते, ते निमित्त. पण बारामतीत समाधान असताना बॅटरी घ्यायला इंदापूर का, तर समाधानने पैसे घेतले नसते आणि संध्याकाळपर्यंत प्रियदर्शनीला फोन करून सांगितलं असतं. त्यांना तिला सांगायचं नव्हतं. तिनं यावं, बसावं, आणि यंत्र सपाट बसलेलं तिला चालवताना कळावं, अशी त्यांची इच्छा. तिथल्या एका मोबाइलच्या दुकानदाराने त्यांनी कागदावर उतरवून आणलेला लॅपटॉपचा नंबर पाहून एक बॅटरी काढून दिली. सोबत सहा महिन्यांच्या गॅरंटीचं कार्ड दिलं. साहेबरावांनी ते नीट घडी करून खिशात ठेवलं. त्यांनी मला नंतर सांगितलं ते असं, की लॅपटॉपला कंपनीची गॅरंटी आहे आणि नव्या बॅटरीला तिची स्वतःची आहे, म्हणजे काही उघडं राहत नाही. ट्रॅक्टरची बॅटरी बदलली की तिचं कार्ड वेगळं असतं. इंजिनाच्या कार्डाला त्याने काही होत नाही. त्यांचा हिशेब तिथवर बरोबर होता. यंत्र ट्रॅक्टर नव्हतं.

काम त्यांनी सकाळच्या उजेडात ओट्यावर बसून केलं. ते कसं केलं हे मी त्यांच्याकडून काढून घेतलं, कारण काम वाईट केलं असतं तर मला समजून घेणं सोपं गेलं असतं. काम वाईट नव्हतं. पाटावर कागद अंथरला. त्यावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढलं आणि जिथला स्क्रू तिथंच चित्रावर ठेवला, कारण काही लांब होते आणि काही आखूड. एका स्क्रूवर गोल चिकटपट्टी होती. तिच्यावर इंग्रजीत बारीक छापलेलं होतं. त्यांनी चष्मा लावून वॉरंटी हा शब्द तेवढा वाचला आणि नखाने पट्टी खरवडून काढली. त्यांच्या मते तो धूळ जाऊ नये म्हणून लावलेला तुकडा होता. कड सोडवायला लोखंड वापरलं नाही, कुल्फीची काडी घासून धार काढली. आतली बॅटरी उशीसारखी फुगली होती. ती दाबायची नाही, टोचायची नाही, एवढं त्यांना कळत होतं. आधी तिची वायर सोडवली. मग तिच्याखाली दोरा घालून दोन्ही हातांनी सावकाश करवतासारखा ओढत गोंद सोडवला. नवी बसवली, वायर लावली, स्क्रू परत आपापल्या जागी. आणि घट्ट पिळले नाहीत. मिलचा बोल्ट आम्ही पान्यावर पाइप चढवून आवळतो. तो माणूस दोन बोटांनी स्क्रू आवळत बसला. त्याला वेळ लागला असणार.

जुनी बॅटरी त्यांनी फेकली नाही. फुटक्या माठात वाळू भरली, त्यात ती पुरली आणि माठ मागच्या अंगणात, घरापासून लांब, पेरूच्या झाडाखाली ठेवला. ताईबाई, म्हणजे त्यांची बायको, दारात उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, पोरीला सांगितलं का. ते म्हणाले, बसली की कळंल.

प्रियदर्शनी आली, बसली. लॅपटॉप सपाट बसला.

"पप्पा, टेबलाचा पाय नीट केला का?" तिनं विचारलं.

"व्हय," साहेबराव म्हणाले.

एवढाच शब्द. ती खूश झाली, ते खूश झाले. "माझ्या तोंडात काम होतं," ते मला नंतर म्हणाले, "अन् भाईर टेबल आलं." त्यांना वाटलं, चार दिवसांनी सांगू. चार दिवसांनी ती घाईत होती. मग सांगण्यासारखं काही राहिलं नाही, कारण यंत्र नीट चालत होतं. नीट चालणाऱ्या यंत्राबद्दल आम्ही लोक बोलत नाही.

जुलैच्या सुरुवातीला लॅपटॉप बंद पडला. दिवा लागेना, चार्जर घेईना. प्रियदर्शनी घाबरली नाही. वॉरंटी संपायला अजून अवकाश होता. तिनं तो समाधानकडे दिला. समाधानने कंपनीच्या पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला पाठवला. तोवर मैत्रिणीचा एक जुना लॅपटॉप मागून आणून तिचं काम चाललं. साहेबरावांनी त्या दिवशी माठाकडे जाऊन पाहिलं. माठ जागेवर होता.

आठवड्याने पुण्याहून उत्तर आलं. मशीन आधी कुणीतरी उघडलेलं आहे. सील फाटलेलं आहे. आतली बॅटरी कंपनीची नाही. वॉरंटीत दुरुस्ती होणार नाही. आतलं मुख्य बोर्ड जळलं आहे, ते स्वतःच्या खर्चाने बदलायचं तर नव्या लॅपटॉपच्या जवळपास पैसे पडतील. सोबत फोटो. समाधानने ते प्रियदर्शनीला पाठवले.

तिनं मशीन उघडलं नव्हतं. घरात कुणी उघडलं असेल हे तिच्या मनात येणंच शक्य नव्हतं. म्हणजे उरलं दुकान. समाधान म्हणाला, पेटी तुझ्यासमोर फोडली होती. ती म्हणाली, पेटी परत बंद करता येते. तो म्हणाला, मी तुला लहानपणापासून ओळखतो. ती म्हणाली, म्हणूनच तू मला दिलास. हे सगळं फोनवर, पुढच्या खोलीत, आवाज चढवून झालं. साहेबराव तिथंच कॉटवर बसलेले होते. हातात चहाचा कप होता. फोन ठेवल्यावर ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "आपल्याच माणसानं फसवलं, पप्पा."

त्यांनी कप तोंडाला लावला.

त्या संध्याकाळी तिनं वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, की समाधानने आतला माल बदललेला लॅपटॉप नवा म्हणून विकला, बाकीच्यांनी आपापले तपासून घ्यावेत. तसं तिला खरंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दोघं-तिघं आपले लॅपटॉप घेऊन दुकानात गेले आणि समाधानला उघडून दाखव म्हणाले. उघडले तर त्यांचीही वॉरंटी जाईल, हे तो समजावत बसला. ते म्हणाले, बघा, उघडून दाखवत नाही.

त्याच महिन्यात जळोचीच्या विहाराच्या अभ्यासिकेसाठी संगणक घ्यायचे ठरले होते. पोरं स्पर्धा परीक्षेला बसतात, अर्ज भरायला बारामतीत रांगेत थांबतात, म्हणून लोकवर्गणी जमवलेली. ऑर्डर समाधानला द्यायची, हे दोन बैठकांपूर्वीच ठरलं होतं. ग्रुपवरचा मजकूर आल्यावर विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष आप्पासाहेब, निवृत्त शिक्षक, यांनी रविवारी वंदनेनंतर बैठक लावली आणि समाधानला बोलावलं. कमिटीत साहेबरावही आहेत.

शनिवारी सकाळी ते कन्हेरीला माझ्याकडे आले. कारखाना सुटल्यापासून ते असे न सांगता कधी आले नव्हते. माझी बायको चहा टाकायला आत गेली. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, चिकटपट्टीपासून टेबलापर्यंत. इतका वेळ सलग बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "उघडलं ते कामाला बरोबर हाय, रावजी. पण बोलायचं तवा तोंड उघडलं न्हाय."

मी विचारलं, ताईबाईला माहीत आहे का.

"तिनं बघितलंय. पोरगी फोनवर भांडत होती तवा ती सैपाकघराच्या दारात हुबी. माझ्याकडं बघत व्हती. बोलली न्हाय. तवापास्नं बोलत न्हाय."

मग त्यांनी एक गोष्ट काढली. म्हणाले, बोर्ड बॅटरीने जळलं की आपोआप, हे कुणालाच सांगता येणार नाही. कंपनी बघणारच नाही. मग दोष आपलाच कशावरून? मी त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं दुसऱ्याला "परत" म्हणणारा माणूस बोटभर फरकावर तडजोड मागत होता.

मी म्हणालो, "जयवंता मिस्त्री आठवतो का?"

त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि उठले. दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "उद्या येतो का तू बरूबर?" मी व्हय म्हणालो.

रविवारी मी त्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा ताईबाईने पांढरा सदरा आणि लेंगा इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता. विहारात जाताना ते पांढरेच कपडे घालतात. खुर्चीच्या पायाशी, उंबऱ्याच्या आत, वाळूचा माठ ठेवलेला होता. तो तिनं मागच्या अंगणातून आणून ठेवला होता. वाळूने भरलेला माठ काही हलका नसतो. तिचे गुडघे दुखतात. साहेबरावांनी कपडे घातले, माठात हात घालून बॅटरी काढली, वाळू झटकली आणि जुन्या टॉवेलात गुंडाळली. ताईबाई आत भांडी घासत होती. बाहेर आली नाही.

प्रियदर्शनी पुढं गेली होती.

विहारात वंदना झाली. मी मागं भिंतीला टेकून बसलो. बैठक सुरू झाली. आप्पासाहेबांनी प्रियदर्शनीला बोलायला सांगितलं आणि तिनं पुण्याचे फोटो मोबाइलवर सगळ्यांना दाखवले. ती शांतपणे बोलली, नीट बोलली. मग समाधानला विचारलं. तो उभा राहिला. म्हणाला, मी उघडलेलं नाही, याच्यापुढं माझ्याकडे काही नाही. ऑर्डर कुणालाही द्या, पण मी चोर आहे असं ठरवून देऊ नका. बसला. कुणी त्याच्याकडे बघेना. एका म्हाताऱ्याने साहेबरावांकडे मान वळवली आणि म्हणाला, तुमी त्याच्या आजाला वळखत हुता, तुमीच सांगा.

साहेबराव उठले. पुढं गेले. टॉवेल उलगडून फुगलेली बॅटरी समाधानसमोर सतरंजीवर ठेवली, स्टोअरच्या खिडकीवर ठेवावी तशी.

"जुना पार्ट," ते म्हणाले. "मशीन मी उघडलंय. बॅटरी मी बदललीय. पोरीला सांगितलं न्हाय. समाधानचा काय संबंध न्हाय."

प्रियदर्शनी म्हणाली, "टेबल?"

"टेबल न्हवतंच."

समाधानने बॅटरी उचलली, उलटी केली आणि तिच्यावरचा बारीक नंबर वाचला. आपल्या फोनमध्ये त्या लॅपटॉपच्या कंपनीच्या नोंदीशी जुळवून पाहिला. जुळला. त्याने फोन आप्पासाहेबांना दाखवला. त्यांनीही वाचला आणि मान हलवली. समाधानचं नाव तिथं सुटलं. पण त्याला त्याचा आनंद झालेला दिसला नाही. तो बॅटरीकडेच बघत होता.

"काका," तो म्हणाला, "ही फुगलेली बॅटरी कंपनी फुकट बदलून देत व्हती. एक फोन. कंपनीचा माणूस बदलून गेला असता, अन् वॉरंटी तशीच राह्यली असती."

साहेबराव उभेच होते. त्यांनी विचारलं, "घरी आला असता?"

"घरी."

मी पुष्कळ श्रम वाया गेलेले पाहिले आहेत. एकदा पावसात चिखलातून वर काढलेलं मोठं चाक दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूचं निघालं, ते परत खाली नेलं. पण त्या श्रमांनी कुणाचं वाईट झालं नव्हतं. इंदापूरची एसटी, कुल्फीची काडी, दोऱ्याने सोडवलेला गोंद, दोन बोटांनी आवळलेले स्क्रू. त्यातला एकही हात चुकला नव्हता आणि सगळं मिळून नुकसान होतं. हे मला घरी जाईपर्यंत पचलं नाही. साहेबरावांना अजून पचलेलं नाही.

त्यांनी समाधानसमोर हात जोडले. तो झटकन उठला आणि त्यांचे हात धरून खाली केले. "काका, हे घरात ठेवू नका, पेटतं," एवढंच म्हणाला. बॅटरी टॉवेलात गुंडाळून त्याने स्वतःकडे ठेवली. ऑर्डर त्यालाच मिळाली. प्रियदर्शनीने तिथंच बसून ग्रुपवर लिहिलं, की चूक माझ्या घरातली आहे, समाधानची नाही, आणि मी त्याची माफी मागते. तिनं वडिलांचं नाव लिहिलं नाही. साहेबरावांनी मला विचारून घेतलं, नाव लिहिलंय का. मी नाही म्हणालो. त्यांना ते आवडलं नाही. संध्याकाळी त्यांनी कुणाकडून तरी लिहून घेऊन त्याखाली आपलं नाव घातलं.

प्रियदर्शनी त्यांच्याशी बोलेना. जेवायला वाढायची, औषध द्यायची, पण बोलणं ताईबाईमार्फत. ताईबाई त्या रविवारपासून त्यांच्याशी पुन्हा बोलायला लागली होती. साहेबराव मला म्हणाले की आता आपण जयवंताच्या जागेवर आहोत, आणि मधला खलाशी ताईबाई.

समाधानने दुकानातलं एक जुनं मशीन प्रियदर्शनीला वापरायला दिलं. तिनं आधी नको म्हटलं, मग घेतलं.

पुढच्या आठवड्यात साहेबराव पुन्हा पावणेतीनला उठून तयार झाले. कारखान्यातल्या बंद हंगामाच्या दुरुस्तीचं काम हल्ली कंत्राटदार घेतात. यंदाचा कंत्राटदार त्यांच्या ओळखीचा होता. वय बघून त्याने नको म्हटलं. साहेबरावांनी त्याला सांगितलं, पहिला आठवडा बघ, नंतर ठेव किंवा काढ. त्याने ठेवलं. पोरवयाच्या फिटरांच्या हाताखाली ते बेअरिंगचे कप रॉकेलने धुवायचे, बोल्ट साफ करायचे, ग्रीस भरायचे. मी एकदा बघायला गेलो. वाकून उभे राहताना त्यांना मिलच्या कठड्याचा आधार घ्यावा लागत होता. माझ्या गुडघ्यांनी मी ते काम एक दिवस केलं नसतं. त्यांच्या वाट्याला आलेल्या बोल्टांना मात्र एकाही फिटरने दुसऱ्यांदा हात लावला नाही.

घरी त्यांनी सांगितलं होतं की कारखान्यात थोडी देखरेख आहे. हेही टेबलासारखंच झालं. पण ग्रीस नखातून जात नाही. प्रियदर्शनीने एक दिवस ताट वाढताना त्यांचे हात पाहिले आणि ताईबाईमार्फत न विचारता थेट विचारलं, देखरेखीला ग्रीस कशाला लागतं. त्यांनी त्या वेळी खरं सांगितलं. धुतो, भरतो, वाकतो, सगळं. पैसे जमले की तुझा लॅपटॉप.

ती चिडली. म्हणाली, पुन्हा न सांगता. मग रडली. मग जेवायला बसली. तिनं ते काम सोडा म्हणून सांगून पाहिलं. त्यांनी हंगाम सुरू होईपर्यंत सोडलं नाही, कारण अर्धवट उघडलेली मिल सोडून ते कधी निघाले नव्हते.

दिवाळीच्या आधी उसाची पहिली मोळी पडली, गाळप सुरू झालं, साहेबरावांचं काम संपलं. त्यांनी मजुरी मोजून मुलीसमोर ठेवली. तिनं ती त्यांच्याकडे परत सरकवली. लॅपटॉप ती तिच्याच पगारातून घेणार होती, हप्त्यांवर, समाधानकडून. साहेबराव पैसे उचलेनात, ती घेईना. ताईबाई दोघांच्या मध्ये पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "घे गं त्यातलं काय तरी. त्यांच्या अंगाला लागलेलं हाय ते."

प्रियदर्शनीने विचार केला. "पप्पा, तुम्ही फक्त वॉरंटी घ्या," ती म्हणाली.

मी त्यांच्याबरोबर दुकानात होतो. समाधानने पेटी काउंटरवर ठेवली आणि फोडायच्या आधी सगळ्या बाजूंनी साहेबरावांना दाखवली. हसला, पण दाखवली. नवा लॅपटॉप बाहेर काढून काचेवर ठेवला. साहेबरावांचा तळवा सवयीने पुढं आला, आणि यंत्राच्या वर हवेत थांबला. मग त्यांनी हात मागं घेऊन पाठीशी बांधला. समाधानने पालथा करून कोपऱ्यातल्या स्क्रूवरची गोल चिकटपट्टी दाखवली. साहेबरावांनी चष्मा लावला आणि या वेळी शेवटपर्यंत वाचायला सांगितली. समाधानने मराठीत वाचून दाखवली. प्रियदर्शनी बाजूला उभी राहून ऐकत होती.

कंपनीची वॉरंटी वर्षाचीच होती. तिच्यावर आणखी दोन वर्षं वाढवून घेता येत होती. बॅटरी धरून, कंपनीचा माणूस घरी येणार, दुसऱ्या कुणी स्क्रूला हात लावायचा नाही. मिलचे कप धुऊन, वाकून मिळवलेल्या त्या मजुरीतून साहेबरावांनी ती दोन वर्षं विकत घेतली.